जीपचे दरवाजे, बंपर, स्टेपनी चोरीला गेले. पोलीस म्हणतात ‘किरकोळ’, विमा कंपनी म्हणते ‘बसत नाही’

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहतो. माझ्याकडे खासगी नोंदणीची जुनी कापडी छताची (सॉफ्ट टॉप) थार जीप आहे. गरमीच्या दिवसांत तिचे दरवाजे काढून घरामागच्या शेडमध्ये कुलपात ठेवतो. एका रात्री शेडचे कुलूप तोडून दरवाजे नेले. अंगणातल्या गाडीचा बाहेरून बसवलेला लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचे यंत्र), स्टेपनी आणि वायरिंग कापून मागचे दिवेही गेले. पोलीस स्थानकात अर्ज घेऊन शिक्का मारून दिला, पण ‘सुटे भाग आहेत, फार तर एन. सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होईल’ असे सांगितले. ‘गाडी चोरीला गेलेली नाही’ म्हणून विमा कंपनीने दावा फेटाळला. ऑनलाइन जाहिरातीत माझ्यासारखेच दरवाजे दिसले. एक ओळखीचा माणूस पंधरा हजारांत माल परत आणून देतो म्हणतो. पुन्हा असे होऊ नये म्हणून रात्री गाडीच्या बॉडीत करंट सोडावा, असे मनात आहे. काय करू?

उत्तर : आधी करंटचे बोलतो, कारण बाकीच्या गोष्टींना दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. तो विचार आजच सोडा. मालमत्तेच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेने दिला आहे, पण कलम ३७ प्रमाणे बचावापुरते आवश्यक तेवढेच बळ वापरता येते. समोर कोण आहे हे पाहून माणूस हात आवरतो, तारेला ते कळत नाही. पहाटे अंगणात पाव विकायला येणारा पोदेर, शेजाऱ्यांचे मूल, सुटलेले जनावर, कोणीही त्या पत्र्याला हात लावील. माणूस दगावला तर तुमच्यावर कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो, आणि ‘चोरासाठी सोडला होता’ असे सांगून सुटका होणार नाही. चोर हाताला लागलाच तर त्याला धरून ठेवता येते, मारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याची पद्धत सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ४० नुसार त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचे.

आता पोलिसांचे. ‘एन. सी.’ हा शब्द कुठून आला ते समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर ती साधी चोरी अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी, धरली आहे. ठाणे अंमलदार दिवे आणि पत्रे भंगाराच्या भावाने मोजतो, तेव्हा हा आकडा सहज खाली येतो. म्हणून यादी तुम्ही करा. प्रत्येक भागासमोर खरेदीच्या बिलाची किंवा शोरूमच्या कोटेशनची किंमत लिहा आणि बेरीज मांडा. फुगवून मात्र एक रुपयाही लिहू नका, खोटी माहिती देणे हा वेगळा गुन्हा आहे. विंच आणि स्टेपनी धरली की पाच हजारांची रेषा केव्हाच मागे पडते. मग न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा दखलपात्र गुन्हा होतो.

पण तुमच्या तक्रारीतला भक्कम भाग वेगळाच आहे, आणि तो तुमच्या अर्जात एका ओळीत उरकला आहे. कुलूप तोडून शेडमधून दरवाजे नेले ही साधी चोरी नव्हेच. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतली चोरी कलम ३०५ मध्ये येते, सात वर्षांपर्यंत शिक्षा. तिला पाच हजारांची सवलत नाही. शिवाय रात्री कुलूप तोडून आत शिरणे हे कलम ३३१(४) खाली घरफोडी ठरते. चोरीच्या हेतूने केलेल्या अशा घरफोडीला शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. तोडलेले कुलूप फेकले नसेल अशी आशा आहे. ते हात न लावता पिशवीत ठेवा आणि पंचनाम्यात नोंदवून घ्या.

नवा अर्ज असा लिहा : शेड कशी बांधलेली, कुलूप कोणते, शेवटचे केव्हा पाहिले, केव्हा लक्षात आले, काय गेले, किती किमतीचे, वायरिंग कापल्याने वेगळे किती नुकसान. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली ठरवून दिले आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कमी शिक्षेच्या काही गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आली आहे खरी, पण ती तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेसाठी. घरफोडी त्यात बसत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. तरीही नकार आला तर त्याच संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पर्वरीला उत्तर गोव्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपा. तिथेही काही हलले नाही तर डिचोलीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. अधीक्षकांना पाठवलेल्या पत्राशिवाय हा अर्ज टिकत नाही, म्हणून मधली पायरी गाळू नका.

त्या ओळखीच्या माणसाला पंधरा हजार देऊ नका. चोरीचा माल परत मिळवून देतो म्हणून पैसे घेणे, आणि गुन्हेगाराला पकडून देण्यासाठी काहीच न करणे, हा न्याय संहितेच्या कलम २५२ खाली गुन्हा आहे. तुमचे दरवाजे घरी येतील, पण कोणी नेले, कोणाकडे ठेवले, हा सगळा माग पुसला जाईल, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याची जीप उघडी पडेल. जाहिरात दिसली ती विक्रेत्याच्या नावासह, तारखेसह, जाहिरातीच्या पूर्ण वेब-पत्त्यासह जतन करा. त्याला फोन करून जाब विचारू नका. फोन झाला की जाहिरात तासाभरात गायब होते. पोलिसांना लेखी कळवा, ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली संशयित माल जप्त करू शकतात. मोबाइलमधली छायाचित्रे पुढे कोर्टात लावायची तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

माल भंगारअड्ड्यावर किंवा गॅरेजात सापडला आणि तिथला मालक म्हणाला, ‘मी रोख पैसे मोजून घेतले’, तर घाबरू नका. चोराकडून विकत घेतल्याने मालकी मिळत नाही. चोरीचा आहे हे ठाऊक असून घेतला असेल तर त्याच्यावर न्याय संहितेचे कलम ३१७(२), आणि हाच धंदा करत असेल तर ३१७(४), ज्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

इथेच बहुतेक जीपवाल्यांचे घोडे अडते. दरवाजा समोर आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली तो सुपूर्दनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर) परत मागायचा आहे, आणि दंडाधिकारी विचारतात : हा तुमचाच कशावरून? तसल्या काळ्या दरवाजांच्या कितीतरी जोड्या गोव्यात फिरत असतील. बॉडीच्या भागांवर नंबर नसतो, म्हणून तर चोराला ते आवडतात. ज्या भागाची ओळख पटत नाही त्याचे रक्षण कायदा करू शकत नाही, हे मी तुम्हाला कळकळीने सांगतो. तुमच्या आताच्या दरवाजांसाठी जुने फोटो शोधा : सहलीचे, लग्नातले, कसलेही. त्यांत पोचा, ओरखडा, रंगाचा डाग दिसत असेल तर तो पुरावा आहे. ज्या मेस्त्रीने बिजागऱ्या बसवल्या तो साक्षीदार होऊ शकतो. विंचचा सीरियल नंबर बिलावर असतो, टायरच्या कडेवरचा कोड एखाद्या फोटोत सापडेल.

नवे भाग बसवाल तेव्हा प्रत्येकावर, बिजागरीच्या आतल्या बाजूला, चासीच्या नंबराचे शेवटचे आकडे कोरून घ्या. कोरलेले दिसतील असा फोटो काढा आणि बिलासोबत स्वतःला ई-मेल करून ठेवा, म्हणजे तारीख पक्की होते. स्टेपनीला लॉक नट आणि बिजागऱ्यांना साध्या पान्याने न फिरणारे बोल्ट लावा. कॅमेरा लावलात तर तो तुमच्या अंगणावर रोखलेला असू द्या, शेजाऱ्यांच्या खिडकीवर नको.

विमा कंपनीच्या नकारात मला खोट दिसते. गाडी सोबत चोरीला गेली तरच सुट्या वस्तूंची भरपाई, ही अट दुचाकीच्या आणि व्यावसायिक वाहनांच्या प्रमाणित पॉलिसीत असते. खासगी मोटारीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत चोरीचे संरक्षण गाडीला आणि ‘तिच्यावर असताना’ तिच्या ॲक्सेसरींना मिळते. तुमच्या पॉलिसीचा पहिला विभाग काढून शब्दन् शब्द वाचा. त्यामुळे मागचे दिवे, स्टेपनी, कापलेले वायरिंग यांचा दावा चांगला आहे. विंच आणि बंपर गाडी बनवणाऱ्या कंपनीने बसवलेले नाहीत. ते पॉलिसीत नोंदवून त्यांचा वेगळा हप्ता भरला नसेल तर त्यांचे पैसे मिळणे कठीण. दरवाजे गाडीचेच अंग आहेत असा युक्तिवाद मी करीन, पण ते शेडमध्ये होते, तेव्हा तिथे बाजू लंगडी आहे हे स्पष्ट सांगतो. फौजदारी कायदा शेडमधल्या वस्तूला जास्त जपतो आणि मोटार विमा गाडीवरच्या वस्तूला. पुढच्या वर्षी दरवाजे काढून ठेवणार असाल तर घराच्या घरफोडी विम्यात त्यांचा नावानिशी उल्लेख करून घ्या.

कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला लेखी कळवा आणि तीस दिवस थांबा. मग विमा लोकपालाकडे जाता येते, फी नाही, मुदत एक वर्ष. किंवा उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका. त्याआधी हिशेब करा. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला दोन हजार रुपये तुमच्या पदरचे जातात, टायर आणि प्लास्टिकवर निम्मा घसारा कापतात, आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. विंच वगळून उरणारी रक्कम बोनसपेक्षा कमी भरली तर दावा लढवण्यात अर्थ नाही. ही गाडी तुम्ही कधी पर्यटकांना भाड्याने देत असाल, तर मात्र लढण्याआधी मला भेटा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे पॉलिसीच्या वापराच्या अटीविरुद्ध जाते, आणि कंपनी तेच पुढे करील.

नवा बंपर घेताना लोखंडी क्रॅश गार्ड पुन्हा बसवू नका. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितले आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग झाला तर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीच्या कंपनीचाच बंपर घ्या, बिल गाडीच्या नंबरासह करून घ्या.