पहिल्याच शॉर्ट फिल्मसाठी प्रोफेशनल कॅमेरा भाड्याने घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की चारपाच मित्र मिळून पहिली शॉर्ट फिल्म करताय, हातात साधा मिररलेस कॅमेरा आहे, पण एकाचं म्हणणं आहे की भाड्याने सिनेमा कॅमेरा आणला तरच ती "सिनेमॅटिक" दिसेल. त्या एकाला मी ओळखतो. म्हणजे तुमच्यातल्या नाही, आमच्यातल्या. प्रत्येक ग्रुपमध्ये तो असतोच आणि बहुतेक वेळा तोच डायरेक्टर असतो.

घ्या की भाड्याने, पण फोकस कोण धरणार ते आधी ठरवा. आमच्याकडे ते ठरलंच नव्हतं. शूटच्या दिवशी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी आली, सिनेमाच्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स आल्या, आणि मग डायरेक्टर साहेबांना कळलं की या लेन्सला ऑटोफोकस नसतो. मी साउंडला होतो. "तुझे हात स्थिर आहेत" म्हणून मला कॅमेऱ्याच्या बाजूला उभं केलं, फोकसची रिंग माझ्या ताब्यात दिली आणि माझा बूम (लांब काठीवरचा माइक) ज्याचा सीन नव्हता त्या नटाकडे गेला.

शॉट असा, हिरोईन लांबून चालत येते, कॅमेऱ्यासमोर थांबते, एक वाक्य बोलते. ८५ एमएमची लेन्स, ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, टी १.५ ला पूर्ण उघडं, कारण मागचे दिवे विरघळलेले हवे होते. आता गणित कुणीही करून बघा, फुल फ्रेमवर ८५ एमएम, १.५, माणूस दोन मीटरवर, तर शार्प राहणारा पट्टा साधारण ५ सेंटीमीटरचा. डोळे फोकसमध्ये असले तर कान गेले. त्यात ती चालतीये. मी म्हटलं जमिनीवर मार्क लावू, अंतर मोजू, एक रिहर्सल घेऊ, तर म्हणे मार्क लावले की ती खाली बघते, नॅचरल येत नाही. म्हटलं टी ४ ला जाऊ, म्हणजे छिद्र लहान करू, पट्टा १३-१४ सेंटीमीटर होईल, मागचं तरीही सॉफ्टच दिसेल, तर म्हणे मग एवढं भाडं कशाला भरलं? मोठा मॉनिटर एकच, तो त्याच्यासमोर, आणि मी मान वाकडी करून कॅमेऱ्याच्या तळहाताएवढ्या स्क्रीनवर बघतोय. तिचा सगळ्यात चांगला टेक, ज्यात तिचा आवाज खरोखर दाटून आला होता, तो आउट ऑफ फोकस आला. अजूनही कुणाशी माझी ओळख करून देताना तो हसत सांगतो, ह्याने आमचा क्लायमॅक्स घालवला.

अरे बाबा, फोकस पुलर हे वेगळं काम आहे, लोक वर्षानुवर्षं तेच करतात तेव्हा कुठे हात बसतो! मोठ्या सेटवर त्या कॅमेऱ्याभोवती फोकस बघणारा, लेन्स बदलणारा, कार्ड आणि डेटा सांभाळणारा अशी वेगवेगळी माणसं असतात. तुम्ही फक्त मशीन उचलून आणता.

बाकीचं थोडक्यात. ४के, सेकंदाला २४ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू हा रेकॉर्डिंग फॉरमॅट म्हणजे तासाला ३०० जीबीच्या वर. आमची कार्डं दुपारीच भरली, लॅपटॉपवर कॉपी होईपर्यंत सगळे बसून, उजेड चालला. फूटेज लॉगमध्ये, म्हणजे फिकट राखाडी, आणि ग्रेडिंग, म्हणजे नंतर रंग बसवणं, येणारं कुणीच नाही. आवाजाचं तर बोलतच नाही, बूम धरणाऱ्याचा शर्ट सगळ्या डायलॉगमध्ये ऐकू येतो. चित्र जरा सॉफ्ट असलं तर लोक बघतात, डायलॉग कळला नाही की बंद करतात.

आता कुणीतरी येऊन सांगेलच की २०१५ चा टँजरिन सिनेमा आयफोन ५एस वर शूट झालाय. झालाय. पण त्या फोनसमोर ॲनामॉर्फिक अडॅप्टर (चित्र रुंद पडद्याचं करणारी जोड-लेन्स) होता आणि त्याचा डायरेक्टर शॉन बेकरने त्याआधी बऱ्याच फिल्म्स केलेल्या होत्या, त्यामुळे "फोन पुरे" वाल्यांनीही गप्प बसावं.

माझं मत विचाराल तर बॉडी तुमचीच ठेवा आणि बाकीचं भाड्याने आणा. फ्लुइड हेडचा (कॅमेरा झटक्याविना फिरवणारा) चांगला ट्रायपॉड, दोन लाइट आणि उजेड मऊ करणारं डिफ्यूजन, लेपल (कपड्याला लावायचा छोटा माइक), बूम, रेकॉर्डर, तुमच्या माउंटला बसणारी एखादी चांगली लेन्स. आणि एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी लेन्ससमोरची काळसर काच, विसरू नका, कारण २४ फ्रेमला शटर १/५० ठेवलं तर उन्हात उघडं ॲपर्चर एनडीशिवाय जमतच नाही. मोठा कॅमेरा घ्यायचाच असेल तर मोठा मॉनिटर फोकसवाल्यासमोर, डायरेक्टरने मागून बघावं. आणि टेक आउट गेला तर तो तिथेच, मॉनिटरवर, सगळ्यांसमोर प्ले करून बघायचा. मी तेव्हा हेच म्हणत होतो, तर "वेळ नाही, पुढे चला" कोण म्हणालं ते त्याने आता एकदा सांगावं.

हां, तुमच्यात कुणी खरंच सेटवर कॅमेरा असिस्टंट म्हणून काम केलेलं असेल तर वरचं अर्धं सोडून द्या. ग्रीन स्क्रीन किंवा भारी ग्रेडिंग असेल तर १०-बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटा धरणाऱ्या, रेकॉर्डिंगचा फरक पडतो, तिथे ८-बिटवाला जुना मिररलेस खरंच कमी पडेल. शिवाय सोनी एफएक्स६ सारख्या सिनेमा बॉडीवर ऑटोफोकसच्या लेन्स लावल्या तर चेहरा बऱ्यापैकी धरून ठेवतात, आमच्याकडे तसं काही नव्हतं.

उचलताना सगळं तिथेच जोडून रेकॉर्ड करून प्ले करून बघा, बॅटऱ्या मोजा, प्रत्येक लेन्सचा आणि फिल्टरचा जवळून फोटो काढा. आमच्या डिपॉझिटमधून एका फिल्टरवरच्या ओरखड्याचे पैसे कापले, तो ओरखडा आधीचा की आमचा हे सांगायला एकाकडेही फोटो नव्हता. कॅमेऱ्यासोबत स्वतःचे मात्र सगळ्यांकडे होते.