अर्धा वाटा आजीचा

प्रिय बाय,

आजी-आजोबांवरच्या पुस्तिकेची तुझी एक्केचाळीस पानं मिळाली. दोन बैठकांत वाचून काढली. त्यातली साडेएकोणचाळीस आजोबांची आणि दीड आजीचं. शेवटी तू लिहिलंयस, "काका, आजीबद्दल लिहायला बसले की हात थांबतो. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही, की मलाच ते दिसत नाही?" या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्यासाठी हे पत्र लिहितोय. पहिल्यावरच थांबली असतीस तर वही तशीच परत केली असती.

तुझी मेहनत दिसते. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी 1955 मध्ये सुरू केला, 18 डिसेंबर 1961 ला भारतीय हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, पुढे तो नौदलाकडे गेला, हे सगळं तू नीट तपासून लिहिलंस. पण बाय, हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. त्या 18 तारखेला तुझी आजी सोळा वर्षांची होती आणि म्हार्दोळात माहेरी होती. माघार घेताना पोर्तुगिजांनी पूल उडवले. त्या दिवशी तिने काय ऐकलं, घरात चूल पेटली का, तिचे वडील कुठे होते? यातलं एक अक्षर नाही. विमानतळाला चार पानं आणि त्याच दिवसाच्या आजीला शून्य. अर्धं तिचं आहे, बाय. अर्धी पानं तिची.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. आपण गोव्यात राहतो. इथे 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870 पासून लागू आहे, आणि मुक्तीनंतर 1962 च्या कायद्याने तो तसाच चालू ठेवला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची, निम्मी निम्मी. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. दाबोळीजवळच्या चिखलीच्या तुमच्या घराचे कागद काढून बघ, दोन सह्या असतील. जमिनीत आपण तिला निम्मी धरतो, आणि आठवण लिहायची वेळ आली की दीड पानावर भागवतो. हे मला सहन होत नाही.

आता लॉगबुकाबद्दल. कॅप्टनची, म्हणजे तुझ्या आजोबांची, ती लॉगबुकं तुझ्याकडे आहेत हे वाचून आनंद झाला. डकोटापासून फोकर फ्रेंडशिप, बोइंग 737, मग एअरबस, इंडियन एअरलाइन्समधली सगळी नोकरी त्यात आहे. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं, कुठून कुठे, दिवसाचे तास वेगळे, रात्रीचे वेगळे. वैमानिकाचं सगळं त्या तासांवर असतं. तास भरल्याशिवाय परवाना नाही, तास भरल्याशिवाय डावीकडची, कॅप्टनची खुर्ची नाही. म्हणून ते तास कोणी विसरत नाही. आजीच्या तासांची वही कोणी ठेवली नाही, म्हणून तुला वाटतं की काही घडलंच नाही.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली नाही. वैमानिकाला दोन ड्युटींच्या मध्ये विश्रांती सक्तीची असते. नियमच आहे तो, कारण झोप न झालेल्या माणसाच्या हाती शंभरावर जीव देता येत नाहीत. नियम कागदावर असतो. झोप घरात मिळवावी लागते. तुझे आजोबा रात्रीची उड्डाणं संपवून मुंबईहून चिखलीला यायचे आणि भर दिवसा झोपायचे. त्या दिवशी वहिनी (तुझ्या आजीला मी वहिनीच म्हणायचो) वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सायकलचा भोंपू वाजवायच्या आत पोयो (पाव) हातात घ्यायची. मासळीवालीला फाटकाबाहेरच गाठायची. टेलिफोन गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवायची आणि स्वतः कपाटाला टेकून निवडण-टिपण करत बसायची, कारण ऑफिसचा फोन आला तर तो चुकवून चालणार नव्हता. मुलांना शेजारी, म्हणजे आमच्याकडे, पाठवायची. तुझे बाबा आमच्या पडवीत कितीतरी दुपारी गोट्या खेळले. कॅप्टनच्या विश्रांतीचे जितके तास, तितके वहिनीच्या ड्युटीचे तास. ते मोज. लॉगबुकातल्या प्रत्येक रात्रीच्या उड्डाणाशेजारी दुसऱ्या दिवसाची तिची दुपार मांड. तुझी पानं भरतील.

तू लिहिलंयस की आजोबांना वाऱ्याचं अचूक ज्ञान होतं. होतंच. पण पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की दोरीवरचे कपडे कुठे फडफडतात ते बघून आज विमान कुठल्या टोकाकडून उतरणार हे वहिनीही सांगायची, आणि चुकायची नाही. हे तुला कोणी सांगितलं नाही कारण तू कोणाला विचारलं नाहीस.

रागावू नकोस. मीही विचारलं नाही. ते सांगायला मला जड जातंय, पण सांगतो.

कॅप्टन गेल्यानंतर वहिनी आठ महिने होती. मी जवळजवळ रोज संध्याकाळी तिच्या सोप्यावर जाऊन बसायचो. एकदा ती आपणहून बोलायला लागली. 1982 चा पावसाळा, जुवारी नदीवर पूल व्हायचा होता, सासूबाईंना धाप लागली. दिवेलागणीला टॅक्सी करून ती कुठ्ठाळीला पोचली तर फेरीबोट पलीकडे, आगशीच्या काठावर. पाऊस असा की पलीकडचे दिवे दिसेनात. सासूचं डोकं मांडीवर. घरात रोख पैसे कमी होते म्हणून हातातल्या बांगड्या काढून रुमालात बांधून घेतलेल्या. पणजीच्या इस्पितळात कोण ओळखीचं भेटेल याचा विचार चाललेला. इतकं तिने सांगितलं आणि मी काय विचारलं माहीत आहे? "कॅप्टन कुठे होते त्या दिवशी?" ती म्हणाली, "मद्रासला." मग आम्ही मद्रासबद्दल बोललो, तिथल्या उकाड्याबद्दल, कॅप्टननी तिथून आणलेल्या कॉफीबद्दल. फेरीबोट पलीकडेच राहिली. वहिनीने तो विषय परत काढला नाही, आणि दोन महिन्यांनी ती गेली.

बत्तीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेला माणूस मी. माझं काम विचारण्याचं. आणि मी तिच्या तोंडातून तिची रात्र काढून कॅप्टनच्या हाती दिली.

त्याआधीही एकदा हे झालं होतं. कॅप्टन निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्यावर लेख केला. वहिनीशीही बोललो होतो, दोन परिच्छेद लिहिले होते. पान लावताना वरून सांगितलं गेलं, जागा नाही, हे काढा. मी काढले आणि त्या जागी एक ओळ घातली: "या वाटचालीत त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली." त्या वेळी भांडायला हवं होतं. पण रात्रपाळी होती, पान अकराला सुटायचं, घरी दोन मुलं शिकत होती, आणि त्या खुर्चीवर बसलेल्याला जागा सेंटिमीटरमध्ये मोजावीच लागते. हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं देत आलो. त्यानंतर मात्र निवृत्त होईपर्यंत माझ्या पानावर "मोलाची साथ" छापू दिली नाही. किती साथ, कसली साथ, तारीख काय, ते लिहा, नाहीतर ओळ काढा. माझ्या हाताखालच्या मुलांना तो जाच वाटायचा. वाटू दे. तो हट्ट बरोबर होता आणि आजही मी तो सोडणार नाही.

तुझ्या दीड पानात "मोलाची साथ" दोनदा आलीय. खोड.

काय बघायचं ते सांगतो. तुझ्या बाबांची शाळेची प्रगतिपुस्तकं घरात असतील तर पालकाची सही कोणाची आहे ते बघ. पासबुकं बघ, पैसे कोणत्या तारखेला काढले आणि त्या तारखेला लॉगबुक कुठलं गाव सांगतं ते ताडून बघ. म्हार्दोळला जाऊन तिच्या धाकट्या बहिणीला भेट, पण घाईत जाऊ नकोस. जायांच्या पूजेला वहिनी दर वर्षी तिथल्या म्हालसेच्या देवळात जायची आणि येताना ओंजळभर जायो, म्हणजे जाईची फुलं, आमच्याकडे द्यायची. त्या दिवशी बहिणी-बहिणी काय बोलायच्या ते त्या बाईंना नक्की आठवत असेल. तिथे बसलीस की आजोबांचं नाव काढू नकोस. त्यांनी काढलं तरी तू परत आजीकडे वळ. मला जमलं नाही ते तुला जमवायचंय, आणि तुझ्याकडे वेळ आहे, मावशी अजून आहेत.

कॅप्टनची पानं कमी कर असं म्हणत नाही. ते माझे मित्र होते, त्यांच्यासारखा शांत माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण त्यांची साडेएकोणचाळीस असतील तर तिची साडेएकोणचाळीस हवीत. वर्षश्राद्धाला पुस्तिका तयार झाली नाही तर होऊ नये. घरच्यांना मी सांगेन.

त्या संध्याकाळची टॅक्सी चालवणारा माणूस चिखलीतच राहतो, चर्चच्या पुढच्या वळणावर. कान कमी झालेत, पण डोकं साफ आहे. मी त्याच्याशी बोलून ठेवलंय. रविवारी दुपारी चारला ये, आपण दोघं जाऊ. येताना 1982 चं लॉगबुक पिशवीत घाल, जुलै-ऑगस्टच्या पानांवर खूण करून. मद्रासची तारीख सापडली की फेरीबोटीची तारीख सापडेल.

तुझा,
काका