वाचकांचे प्रश्न : सायलेन्सर, आवाज आणि ताकद

प्रश्न : माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० तीन वर्षांची आहे. खंबाटकी घाटात, विशेषतः मागे कोणी बसलेले असताना, गाडी जड वाटते. बाहेरचा ‘फ्री फ्लो’ (धुराला कमी अडवणारा) सायलेन्सर बसवल्यास पिकअप वाढेल आणि बुलेटचा खरा आवाजही येईल, असे गॅरेजवाले म्हणतात. घरच्यांचा मात्र आवाजाला विरोध आहे. मी काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन इच्छा एकत्र आल्या आहेत. घाटात ओढ हवी ही एक आणि भारदस्त आवाज हवा ही दुसरी. बाहेरचा सायलेन्सर दुसरी इच्छा तत्काळ पुरवतो आणि पहिली पुरवल्याचा भास निर्माण करतो, कारण थ्रॉटल उघडताच आवाज चढला की वेगही वाढला, असे आपला कान मनाला सांगतो.

या इंजिनाचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ४,००० आरपीएमला (मिनिटाला ४,००० फेऱ्यांना) मिळतो आणि २०.२ बीएचपीची कमाल ताकद ६,१०० आरपीएमला. म्हणजे ते मुळातच खालच्या फेऱ्यांत ओढण्यासाठी घडवलेले आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) उघडला की दाबाची लाट तप्त वायूतून नळीत धावते, नळी जिथे एकदम रुंदावते तिथून ती कमी दाबाची होऊन परतते, आणि हा व मिश्रण आत घेणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असतात तेव्हा ती पोहोचली तर उरलेला धूर बाहेर ओढून नव्या मिश्रणाला आत येण्यास मदत करते. ही वेळ कोणत्या आरपीएमला जुळावी हे नळीची लांबी आणि सायलेन्सरच्या डब्याची रचना ठरवते. ‘इंजिनाला बॅक प्रेशर (धुराच्या वाटेतला उलट दाब) लागतेच’ असे गॅरेजात म्हणतात, ते खरे नाही. इंजिनाला अडथळा नको असतो, वेळेवर परतणारी लाट हवी असते. आत आवाज अडवणारी जाळी नसलेल्या सरळ नळीने ही वेळ बहुधा वरच्या आरपीएमकडे सरकते आणि घाटात जिथे ओढ हवी, नेमकी तिथेच ती घटते. माझ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीवर मी हे अनुभवले आहे : सपाट रस्त्यावर ती मोकळी वाटे, पण चढावर पूर्वीपेक्षा लवकर गिअर खाली घ्यावा लागे.

आपल्या गाडीत इंधन मोजून देणारा संगणक आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या साहाय्याने तो मिश्रणात थोडीफार दुरुस्ती करतो, परंतु थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तो मुख्यतः कारखान्यात भरलेल्या तक्त्यावर चालतो. बाहेर जाणारी वाट मोकळी झाली आणि तक्ता तोच राहिला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकते, इंजिन अधिक तापते आणि थ्रॉटल सोडताना नळीत फटाके वाजतात. अनेकांना ते फटाके ताकदीची खूण वाटतात. प्रत्यक्षात पातळ झालेले मिश्रण सिलिंडरमध्ये नीट पेटत नाही आणि तिथे जळायला हवे होते ते इंधन नळीत जळत असते.

आता आवाज. १७५ सीसीवरील दुचाकीसाठी भारतात ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती वेग वाढवत जाणाऱ्या गाडीपासून साडेसात मीटरवर मोजली जाते. डेसिबलची पट्टी साधी नसते : दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. त्यामुळे १०० डेसिबलची एक गाडी ८० डेसिबलच्या शंभर गाड्यांइतकी ऊर्जा रस्त्यावर सोडते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. या हिशोबाने ती गाडी ६० मीटरवरच्या घरातही सुमारे ८२ डेसिबलने ऐकू येईल, म्हणजे साडेसात मीटरवरची मर्यादा तिथेही ओलांडलेली असेल. शिवाय एका सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पेटते, म्हणून ३,००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके देते, आणि इतका खोल नाद भिंती व बंद खिडक्या पुरेसा अडवू शकत नाहीत. त्या घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल, तर आपल्या हौसेची किंमत त्याने का मोजावी? घरच्यांचा विरोध मला पूर्णपणे रास्त वाटतो.

कायद्याचे म्हणाल, तर आवाजाच्या मानकाचा भंग झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. परदेशी सायलेन्सरवरची ‘ई’ खूण युरोपातील मान्यतेची असते. तिच्यामुळे येथे सूट मिळत नाही.

घाटासाठी माझा सल्ला असा : वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका, एक गिअर आधीच खाली घ्या आणि फेऱ्या ३,००० ते ४,००० या दरम्यान ठेवा. त्याआधी एअर फिल्टर, चेनचा ताण, टायरमधील हवा आणि ब्रेक घासत तर नाही ना, हे तपासून घ्या. सायलेन्सरचे पैसे मागच्या शॉकॲब्सॉर्बरवर किंवा चांगल्या टायरवर खर्च केलेत, तर त्याच घाटात गाडी अधिक विश्वासाने वळेल.

प्रश्न : मोठ्या आवाजामुळे ट्रकचालकांना मागून येणारी दुचाकी कळते आणि अपघात टळतात, हे खरे आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : यावर विसंबू नये. सायलेन्सरचे तोंड मागे असते, त्यामुळे आवाजाचा मोठा भाग आपण जिथून आलो तिकडे जातो. ट्रकचालक मात्र पुढे, स्वतःच्या इंजिनाच्या गोंगाटात बसलेला असतो. त्याच्या आरशात आपण दिसतो का, हे पाहणे आणि गरजेपुरता हॉर्न वाजवणे अधिक उपयोगाचे आहे.

प्रश्न : चिपळूणच्या पावसात मूळ सायलेन्सर खालून गंजून फुटला आहे. स्वस्तातला बाहेरचा बसवावा का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : गंज बहुधा आतून आला असावा. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालली तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि ते पाणी डब्यातच साचते. नवा सायलेन्सर कंपनीचाच आणि त्याच मॉडेलचा घ्यावा. काही गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) सायलेन्सरच्या डब्यातच असतो. तसे असल्यास बाहेरच्या स्वस्त डब्याबरोबर तो जातो आणि पीयूसीला अडचण येऊ शकते. जोडावरचे गॅसकेट नवे घाला, डब्याच्या तळाशी पाणी निघण्याचे बारीक छिद्र असेल तर ते चिखलाने बुजू देऊ नका, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा तास चालवा.