खाणमालक पेपरही काढू शकतो का? सरकार अडवत नाही?

हो, काढू शकतो, आणि गोव्यात तेच झालं. 'गोमंतक' 1962 साली चौगुल्यांनी सुरू केला, 'नवहिंद टाइम्स' 1963 साली धेंप्यांनी. दोन्ही खाणवाली घराणी. एकाच्या हाती पेपर, चॅनेल, धंदा सगळं असू नये असा सर्वंकष कायदा भारतात नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार-प्रसारणाच्या सरकारी नियामकाने, 2014 मध्ये मर्यादेची शिफारस केली, पण कायदा झालाच नाही. बातम्यांच्या पेपरात परकीय गुंतवणूक मात्र 26 टक्क्यांवर अडते.

मार्चच्या सुरुवातीचा जुना अंक मिळाला तर आतल्या पानावरचा बारीक टायपातला 'फॉर्म 4', म्हणजे पेपरच्या मालकीचं निवेदन, जरूर वाचा. एक टक्क्याहून जास्त भागभांडवल कोणाचं, ते नावानिशी असतं. आमच्या फोंड्यात पेपर रोज वाचतात, ही चौकट कोणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.