नातवंडांसाठी टर्की: अख्खी भाजावी की तुकडे करून?

प्रश्न : माझा मुलगा, सून आणि दोन नातवंडे नोव्हेंबरअखेरीस अमेरिकेहून बडोद्याला येत आहेत. तिकडे त्या महिन्याच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, घरोघर टर्की भाजतात. यंदा तो बेत आपल्या घरी व्हावा, असा नातवंडांचा हट्ट आहे. साडेचार किलोची गोठवलेली टर्की मिळणार आहे. माझ्याकडे ४० लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आहे. कोंबडी मी पुष्कळदा भाजली आहे, पण एवढा मोठा पक्षी कधी हाताळलेला नाही. शिवाय सासूबाई मार्गशीर्षातले गुरुवार करतात आणि त्या मांसाहार करत नाहीत. हे सगळे कसे जमवावे?
— एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आधी दिवसाचे ठरवू. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पुष्कळदा मार्गशीर्षातच येतो, आणि घरात लक्ष्मीचा घट मांडलेला असताना ओट्यावर टर्की असणे सासूबाईंना रुचणार नाही. तिकडे १९४१ सालच्या कायद्याने हा गुरुवार सुट्टीचा म्हणून ठरला असला, तरी तुमच्या घरचे जेवण शनिवारी किंवा रविवारी झाल्याने काहीच उणे पडत नाही. मात्र काही घरांत चंपाषष्ठीपर्यंत, तर काही घरांत महिनाभर मांसाहार वर्ज्य असतो. म्हणून तारीख सासूबाईंना विचारूनच पक्की करावी.

आता मुख्य प्रश्न. माझे स्पष्ट मत असे, की टर्की अख्खी भाजू नये. छातीचे मांस ७४ अंश सेल्सिअसला शिजते आणि त्यापुढे झपाट्याने कोरडे पडत जाते. तंगडीच्या मांसात चिवट धागे अधिक असल्यामुळे ते ८० अंशांच्या पुढे गेल्यावरच मऊ होते. पक्षी अख्खा असला की दोन्ही भाग एकाच वेळी बाहेर काढावे लागतात आणि एकाचे नुकसान होतेच. त्यात ४० लिटरच्या ओटीजीत छाती वरच्या तापलेल्या दांड्यांच्या अगदी जवळ येते, त्यामुळे कातडी करपते आणि मांडीचा सांधा मात्र आत कच्चाच राहतो. तुमच्या नेहमीच्या खाटकाकडून दोन तंगड्या मांडीसकट, छातीचे हाडासह दोन भाग आणि पंख वेगळे करून घ्या. पाठीचा कणा आणि मान टाकू देऊ नका.

हे तोडकाम बर्फ उतरल्यावरच होईल, आणि बर्फ उतरायला फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट परातीत, दोन ते अडीच दिवस लागतात. आपल्याकडे नोव्हेंबरातही दुपारी ऊन चांगलेच असते. रात्रभर ओट्यावर ठेवून दिलेल्या टर्कीचा वरचा भाग कोमट होऊन त्यात जंतू वाढतात आणि पोटात बर्फ तसाच असतो. मांस नळाखाली धुऊही नये. हे आपल्या हाताला पटत नाही, हे मी जाणते. पण धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांनी भांडी आणि भाजी दूषित होतात, आणि जंतू मरतात ते उष्णतेनेच. कागदी रुमालाने टिपून घेणे पुरे.

तुकड्यांना किलोमागे सुमारे १० ग्रॅम मीठ चोळून ते उघडेच एक रात्र फ्रीजमध्ये ठेवावेत. मीठ आधी पाणी सुटवते आणि मग त्या पाण्यासह आत मुरते. कातडी सुकल्यामुळे ती पुढे खरपूस होते. वेष्टनावर मिठाचे पाणी टोचल्याचा उल्लेख असेल, तर मात्र वेगळे मीठ लावू नये. तिकडे थाइम नावाची सुगंधी पाने वापरतात. त्याचा मुख्य वास ज्या थायमॉलचा असतो तेच आपल्या ओव्यात असते, म्हणून लोण्यात लसूण, मिरपूड आणि चिमूटभर भरडलेला ओवा घालून ते कातडीखाली बोटांनी सरकवावे. गरम मसाला इथे नको.

ओटीजी १६५ अंशांवर तापवून आधी तंगड्या ठेवाव्यात आणि साधारण अर्ध्या तासाने छातीचे भाग. पुढे दीड तासाच्या आसपास लागतो, पण घड्याळावर विसंबू नये. सुईचा थर्मामीटर जरूर आणावा आणि तो सर्वांत जाड जागी, हाडाला न टेकवता, खुपसून पाहावा. तुकडे बाहेर काढल्यावर वीस मिनिटे तसेच राहू द्यावेत; लगेच सुरी लावली तर सगळा रस ताटात वाहून जातो.

तेवढ्या वेळात ग्रेव्ही होते. कणा, मान, कांदा आणि मिरी घालून आधीच उकळलेली अळणी तयार असेलच. लोण्यावर थोडा मैदा तांबूस परतून त्यात ती गाळून घालावी आणि ट्रेमध्ये उतरलेला रस मिसळून सतत ढवळावे. तिकडे टर्कीच्या पोटात पावाचे सारण भरतात; ते आपण वेगळ्या भांड्यात भाजावे.

तिकडे टर्कीबरोबर क्रॅनबेरी या आंबट फळाची चटणी वाढतात; तिच्या जागी घरचा मोरावळा वाढा. टर्कीबरोबर आंबटगोड हवे असते आणि ते काम मोरावळा उत्तम करतो. उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे आणि तीन-चार दिवसांत संपावे.

राहिल्या सासूबाई. तिकडे या जेवणाला भोपळ्याचा ‘पाय’ (pie), म्हणजे गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, असतो. त्याच लाल भोपळ्याचे आपल्याकडे घारगे होतात. खंडेराव मार्केटातून पिकलेला भोपळा आणा, गुळाचा अंदाज सासूबाईंनाच विचारा आणि घारगे थापायला नातवंडांना त्यांच्याजवळ बसवा. हे काम वेगळ्या कढईत, सकाळी, मांस फ्रीजबाहेर येण्याआधी उरकावे आणि पहिला घाणा देवापुढे ठेवावा.