सिग्नल्समधून रिटायर होताना नेटवर्किंगची नोकरी मिळेल का?

मिळेल की दादा. तुम्ही विचारलंय की सिग्नल्समधली, म्हणजे लष्कराच्या संपर्क यंत्रणा सांभाळणाऱ्या शाखेतली, सर्व्हिस संपत आलीय, साताऱ्यात येऊन नेटवर्किंगमध्ये शिरता येईल का, तर माझं मत असं की घरी यायची वाटच बघू नका, सर्व्हिसमध्ये असतानाच डीजीआरच्या (निवृत्त होणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनाचं काम बघणारं सरकारी महासंचालनालय) रिसेटलमेंट कोर्ससाठी अर्ज टाका आणि सोबत सीसीएनए या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटची (परीक्षा २००-३०१) तयारी सुरू करा. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे खोटं नेटवर्क उभं करून सराव करायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतंय, साध्या लॅपटॉपवर चालतंय, त्यात रोज व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्क करणं), सबनेटिंग (आयपी पत्त्यांचे गट पाडणं), ओएसपीएफ (राउटरनं वाट शोधायची पद्धत) करून बघायचं. केबल ओढणं, क्रिंपिंग (केबलच्या टोकाला कनेक्टर बसवणं), पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा हा तारांचा क्रम तर तुमच्या हातातच असेल, पण बाहेर इंटरव्ह्यूला कॉन्फिगरेशन, म्हणजे राउटर-स्विचची सेटिंग, विचारतात, तिथंच आपली पोरं अडकतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

बायोडेटात युनिटचं ठिकाण, इक्विपमेंटची नावं अजिबात लिहू नका, किती लोकांची टीम सांभाळली, रात्री लिंक तुटल्यावर काय केलं ते साध्या भाषेत लिहा. आणि खरं सांगायचं तर साताऱ्यात या कामाच्या जागा कमी, सुरुवातीला पुणे धरा, नाईट शिफ्टची एनओसीतली (नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणारं केंद्र) नोकरी आली तरी घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायला विसरू नका.