औंदा आपल्यात दिवाळी नाही

चि. सई,

नाताळची सुट्टी संपवून ग्लासगोला परत जाताना तू स्टेशनवर विचारलेस, “आबा गेले म्हणून दिवाळीला आकाशकंदील लावला नाही, फराळ केला नाही, मग डिसेंबरात झाडाला दिवे कसे लावले? आबा फक्त मराठी सणांपुरतेच गेले का?” गाडी सुटायची वेळ झाली होती, आईने तुझ्या हातात जेवणाचा डबा दिला आणि बोलणे तिथेच राहिले. तुझा प्रश्न मला लागला, आणि तू तो मनात न ठेवता विचारलास याचे बरेही वाटले. आबा श्रावणात गेले, सप्टेंबरात तू घर सोडलेस, आजी कोल्हापूरच्या पेठेतले घर बंद करून संजूकाकाकडे राहायला गेली. एका वर्षात एवढे सगळे हलले, तरी आपण एकत्र बसून त्यावर फारसे बोललो नाही. म्हणून लिहितो आहे. तुला काही पटवून द्यावे असा हेतू नाही.

घरातले माणूस गेले की वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या घरात सणवार करत नाहीत, एवढीच ती रीत. काही घरे ती काटेकोर पाळतात, काही एका सणापुरती. त्यामागचे शास्त्र मी सांगत बसत नाही. मी ती जशी पाहिली तशी सांगतो.

मी चौथीत असताना आबांची आई, आमची मोठी आई, भर पावसाळ्यात गेली. दिवाळी जवळ आली तशी शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीतली पोरे किल्ल्यासाठी माती, विटा आणि पोती गोळा करू लागली, आणि मीही बादली घेऊन निघालो, तेव्हा आजीने दारातच अडवले. “औंदा आपल्यात दिवाळी नाही,” एवढेच ती म्हणाली. आमच्या एका बाजूला पन्हाळा उभा राहिला, दुसऱ्या बाजूला विशाळगड, आणि मधले आमचे अंगण मोकळे. मला त्या दिवसांत मोठ्या माणसांचा फार राग आला होता, आणि तुझा प्रश्न ऐकताना तो राग मला ओळखीचा वाटला.

पण नरक चतुर्दशीच्या सकाळी दाराची कडी वाजू लागली ती दुपारपर्यंत थांबली नाही. समोरच्या काकू कानवले घेऊन आल्या, माडीवरच्या वहिनी बेसनाचे लाडू घेऊन आल्या, आणि ज्यांच्याशी नळाच्या पाण्यावरून वर्षभर कुरबुर चालायची त्या घरातूनसुद्धा चकल्यांचा डबा आला. कुणी फार बोलत नव्हते. डबा ओट्यावर ठेवायचा, आजीजवळ घटकाभर टेकायचे आणि निघायचे. कुणाच्या चकलीत तीळ जास्त, कुणाच्या भाजणीत ओवा पुढे, कुणाचा चिवडा तिखटजाळ. झाकण उघडले की डबा कोणत्या घरातला ते मला न सांगता कळायचे. त्या वर्षी आजीने कढई चढवली नाही, आणि तरीही आमच्या फळीवर इतर कोणत्याही दिवाळीपेक्षा जास्त फराळ होता.

पाडव्याला आबा मला शनिवार पेठेत म्हशींचा सगर, म्हणजे सजवलेल्या म्हशी पळवायचा खेळ, बघायला घेऊन गेले. रंगवलेली शिंगे, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसे. मालक मोटारसायकल फुर्रर करत पुढे आणि एवढ्या गर्दीतून त्याची म्हैस नेमकी त्याच्याच मागे धावते आहे. “आपल्याला चालतंय का हे?” असे मी विचारले, तर आबा म्हणाले, “करायचं नाही म्हणजे बघायचंबी नाही, असं कुणी सांगितलं तुला?”

म्हणजे आपण सण करायचा नाही, हा त्या रीतीचा एक भाग. इतरांनी आपल्या दारात यायचे, हा दुसरा. घरावर दुःख असताना कुणाला बळेच हसावे लागू नये आणि तरीही घर एकटे पडू नये, असे दोन्ही त्यात सांभाळले जात होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, त्यानंतरचा गणपती कोल्हापुरातल्या अनेक मंडळांनी साधेपणाने केला आणि पूरग्रस्तांना मदत केली. मला त्यातही तीच रीत दिसली. इथे परदेशात मात्र आपल्या वाट्याला पहिलाच भाग आला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दार वाजले नाही, कारण ते वाजवायचे असते हे आपल्या रस्त्यावर कुणाला ठाऊक असणार? अर्णव आपल्या खोलीत, आई स्वयंपाकघरात, मी दिवाणखान्यात. तेव्हा मला शंका आली की शेजाऱ्यांवाचून ही रीत पाळण्यात नेमके काय उरते. ती शंका अजून गेलेली नाही. तरीही त्या संध्याकाळी कंदील लावायला माझा हात उचलला नसता, हेही तितकेच खरे आहे.

झाडाचे मात्र वेगळे आहे. माझ्या लहानपणात नाताळ नव्हता, त्यामुळे त्या दिव्यांत मला आबा दिसत नाहीत आणि ते लावताना काही दुखतही नाही. तू गेल्यावर माझ्या ध्यानात आले की तुझे आबा दिवाळीतले नाहीतच. शाळेमुळे आपण दिवाळीला कोल्हापूरला कधी गेलो नाही. गेलो ते डिसेंबरात. गंगावेशीत म्हशीची धार काढून तिथेच ग्लासात दिलेले दूध त्यांनी तुला पाजले, आणि तुझ्या ओठांवरचा फेस स्वतःच्या उपरण्याने पुसला. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडे सारणाऱ्या माणसाशेजारी तू त्यांच्या खांद्यावर बसली होतीस, आणि गुळव्याने काहिलीतला पाक पाण्यात टाकून गोळी होते का ते पाहिले, तेव्हा ती गोळी आबांनी मागून तुझ्या तळहातावर ठेवली. श्रावणात मी एकटाच गेलो आणि एकटाच परत आलो. तुझ्यासाठी आबा नाहीसे झाले ते या डिसेंबरात, आणि नेमके तेव्हाच आपण दिवे लावून नेहमीसारखे जेवायला बसलो. तुझा प्रश्न तिथून आला असावा, असे मला वाटते. तसे नसेल तर सांग.

श्रावणात वर्षश्राद्ध झाले की सण मोकळे होतील. पेठेतले घर उघडून पुढची दिवाळी तिथेच करावी, अशी आजीची इच्छा आहे. तेव्हा तुझे वर्ग चालू असतात हे मी तिला सांगितले आहे आणि ती हट्ट धरणार नाही. तुला डिसेंबरात जायचे असेल तर गुऱ्हाळे त्या वेळी चालू असतात, आणि आजीलाही ते आवडेल. अर्णवला दोन्ही चालेल. काय ते मार्चपर्यंत कळव, म्हणजे तिकिटे काढता येतील.

तुझा,
बाबा